डोळा बदलता येत नाही

"मना एक डोया काढी ल्या." धुळ्याच्या देवपुरात तरण्या मुलाची दृष्टी गेलेल्या घरी गेलं की आई नाही तर बाप हे वाक्य, म्हणजे 'माझा एक डोळा काढून घ्या', बोलतोच. त्यामागची माया खरी आहे, समजूत मात्र साफ चुकीची. ती नुसती चुकीची असती तर गप्प बसता आलं असतं. पण धुळ्याहून नाशिक, नाशिकहून मुंबई, मग कुणीतरी सांगितलं म्हणून हैदराबाद, अशी वारी याच समजुतीवर चालते. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल, पुन्हा त्याच तपासण्या. आधी दागिने जातात, मग शेत. कारण मनात एकच असतं: पैसा उभा राहिला की डोळा बसवून मिळेल.

अख्खा डोळा बसवून दृष्टी आणणं आज जगात कुणालाही जमलेलं नाही. नेत्रदानातून रोपण होतं ते फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, म्हणजे कॉर्नियाचं. घड्याळाची काच खरवडली तर काच बदलता येते; आतलं यंत्र बंद पडलं असेल तर नवी काच लावून काटे हलत नाहीत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दुसऱ्याचा कॉर्निया शरीर बऱ्यापैकी स्वीकारतं. ही शस्त्रक्रिया काही नवी नाही. डिसेंबर 1905 मध्ये एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स इथे ती यशस्वी केली. रुग्ण होता चुन्याने डोळे भाजलेला मजूर. कॉर्निया मिळाला होता एका मुलाच्या डोळ्यातून, जो जखमेमुळे काढावाच लागला होता.

दृष्टिपटल आणि मेंदूकडे जाणारी दृष्टिमज्जा यांची गोष्ट वेगळी. दृष्टिमज्जेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. एकदा तुटले की ते माणसात पुन्हा वाढत नाहीत, आणि ते जोडण्याची विद्या अजून कुणाला आलेली नाही. मे 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात चेहऱ्याच्या काही भागासह अख्खा डोळा बसवला गेला. डोळा जगला, त्यात रक्त खेळतंय, पण त्या डोळ्याला दिसत नाही. आणि जिवंत बापाचा धडधाकट डोळा काढून मुलाला द्यायला एकही डॉक्टर तयार होणार नाही. नेत्रदान मृत्यूनंतरच होतं.

म्हणून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारायचं: नेमका कोणता भाग बिघडलाय? गेलेली दृष्टी परत येईल, की उरलेली टिकवायची आहे? उत्तर कागदावर लिहून घ्या. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दिसू लागतं. कॉर्नियावर पांढरा डाग असेल तर रोपणाचा विचार होतो. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, पण थेंब नेमाने घातले तर उरलेलं वाचतं. त्या थेंबांचा खर्च वाया जात नाही. मधुमेहात लेसर आणि इंजेक्शनांनी पुष्कळांची दृष्टी टिकते. डोळ्यापुढे अचानक पडदा आला, ठिणग्या चमकल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण दृष्टिपटल सुटल्यावर एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

"स्टेम सेल"ची जाहिरात दाखवून लाखो रुपये मागणाऱ्यांबद्दल मात्र सौम्य लिहिणं मला जमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक रक्तविकारांसारखे आजार सोडले तर असे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन बायकांनी पैसे भरून डोळ्यांत स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली आणि होती नव्हती ती नजरही घालवली. त्यांची हकिगत 2017 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली आहे.

आता कर्ज. सज्ञान मुलाच्या नावावरचं कर्ज आई-बापाला फेडावंच लागतं, हे खरं नाही. जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जबाबदारी कर्जदाराइतकीच येते. म्हणून रुग्णालयात पुढे केलेला प्रत्येक कागद सहीआधी वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही त्यात आहेत. तिचा पहिला टप्पा 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत धुळे होतं. तरी लोक बिल भरून मग विचारतात. ही योजना रोख परत देत नाही. भरती होतानाच रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं लागतं.

सावकाराचं महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. 2014 च्या सावकारी कायद्याखाली शेतीबाहेरच्या विनातारण कर्जाला 18 टक्क्यांची मर्यादा ठरली. व्याजापोटी शेताचं खरेदीखत करून दिलं असेल, तर जमीन कायमची गेली असंही नाही. अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. चष्म्याने नंबर वाढत नाही. डोळ्यात मध किंवा झाडपाला घातल्याने जंतुसंसर्ग होऊन पांढरा डाग पडू शकतो. नेत्रदानाने चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदू झाला होता, मधुमेह होता, तरी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे देता येतात. दृष्टी गेली म्हणून सरकारी नोकरी जात नाही: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं, की त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. आणि दिव्यांग प्रमाणपत्र घेणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी आई-बापाला 75 हजारांची, गंभीर दिव्यांगत्वात सव्वा लाखाची वजावट मिळते, ती याच कागदावर.

"आता त्याचं काय होणार?" हा प्रश्न तर मुलाच्या समोरच विचारला जातो, जणू त्याचे कानही गेलेत. महाबळेश्वरच्या भावेश भाटियांची दृष्टी तरुणपणीच गेली. घरची पुंजी आईच्या कॅन्सरवर संपलेली. मुंबईत अंधांच्या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले आणि 1994 मध्ये त्यांनी 'सनराइज कँडल्स' सुरू केली; तिथे दृष्टिहीन कारागीर काम करतात. प्रत्येकाने कारखानाच काढावा असं नाही. पण उपचार चालू असतानाच पांढरी काठी आणि फोन वापरायला शिकणं सुरू करता येतं. अँड्रॉइड फोनमधली टॉकबॅकची सोय मराठीतही बोलते, आणि तिला एक रुपयाही पडत नाही.