हाडं सांगतात माहेर कुठलं!

नवीन माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: ‘मूळचे कुठले?’ इसवी सन ५६७-६८ च्या सुमारास आजच्या हंगेरीच्या मैदानात घोड्यांवरून येऊन ठाण मांडणाऱ्या अवार लोकांबद्दलही सगळ्यांना हेच कोडं होतं. त्याचं पक्कं उत्तर मिळायला थेट २०२२ साल उजाडलं. चौदाशे वर्षांचं वेटिंग, मंडळी!

हे अवार म्हणजे साधी असामी नव्हे. घोडेस्वाराची लोखंडी रिकीब युरोपात आणली ती त्यांनी. बायझंटाईन सम्राटाकडून वर्षानुवर्षं सोनं उकळलं, ६२६ मध्ये तर थेट कॉन्स्टँटिनोपललाच वेढा घातला. राज्य केलं जवळपास अडीचशे वर्षं. पण स्वतःबद्दल लिहून ठेवण्याच्या नावाने शून्य! जे कळतं ते बहुतेक शत्रूंनी लिहिलेलं. म्हणजे आपला बायोडेटा भांडकुदळ शेजाऱ्याने भरावा, तसलं काम.

मग मदतीला आला डीएनए. हंगेरीतल्या जुन्या सांगाड्यांची तपासणी झाली. त्यात सोन्याने मढवलेल्या श्रीमंत अवारांचेही सांगाडे होते. या बड्या मंडळींचं नातं निघालं थेट मंगोलियाच्या गवताळ प्रदेशाशी. तिथलं रौरान साम्राज्य ५५० च्या दशकात तुर्कांनी मोडलं होतं. म्हणजे पंधरा-वीस वर्षांत या लोकांनी जवळपास पाच हजार किलोमीटर अंतर तोडलं.

पण मला खरी गोष्ट सापडली पुढे. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात चार दफनभूमींतल्या ४२४ माणसांचे डीएनए जुळवले. त्यातून नऊ पिढ्यांचा एक अख्खा वंशवृक्षच उभा राहिला. फंडा सोपा आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. पुरुषांचा धागा पिढ्यान् पिढ्या एकच. बायकांचे धागे मात्र वेगवेगळे. अर्थ स्पष्ट आहे: मुलगे घरात राहिले, लेकी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या आणि सुना बाहेरून आल्या. आणखी एक, जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्नं नव्हती. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारी आपली परंपरा तिथे चालली नसती!

२०२५ चं संशोधन तर आणखी चक्रावून टाकणारं. व्हिएन्नाजवळची मोडलिंग आणि लेओबर्सडोर्फ ही दोन ठिकाणं. आठव्या शतकातले तिथले लोक दागिने सारखेच घालायचे, पुरण्याच्या रीतीही सारख्याच. पण एका ठिकाणचे लोक मुख्यतः युरोपीय वंशाचे, दुसऱ्या ठिकाणचे पूर्व आशियाई वंशाचे. दोनशे वर्षांनंतरही! कारण लेओबर्सडोर्फच्या सुना बाहेरून यायच्या, पण त्याही पूर्व आशियाई वंशाच्याच. दागिने, राहणी सगळं शेजाऱ्यासारखं, पण सोयरिक मात्र ‘आपल्यातच’. ओळखीचं वाटतंय ना?

इतिहासाने अवारांचे खान लक्षात ठेवले, त्यांच्या लढाया मोजल्या. पण मंगोलियाची खूण युरोपच्या मध्यात पिढ्यान् पिढ्या टिकली, ती दर पिढीत आपलं गाव सोडून आलेल्या मुलींमुळे. त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. यापुढे कुठल्या पुस्तकात रुबाबदार अवार घोडेस्वाराचं चित्र दिसलं, तर मी आधी विचारणार, याच्या बायकोचं माहेर कुठलं?