पडद्यावरचे गाव पाहायला जाताना वस्तीही पाहा



गेल्या हिवाळ्यात साक्रीतून आम्ही अकरा जण वाईला गेलो होतो. पोरांचा एकच हट्ट होता, 'स्वदेस'चा घाट पाहायचा. वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ सालच्या 'स्वदेस'मधले चरणपूर हे गाव इथेच उभे राहिले. घाटावर फोटो काढून झाल्यावर बारावीतल्या एका मुलाने विचारले, "दादा, पिक्चरमध्ये पडदा लावला होता ना, त्याच्या मागे बसलेले लोक कुठल्या वस्तीतले?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. गावात सिनेमा दाखवतात आणि पडदा मधोमध बांधतात. एका बाजूला गावातले प्रतिष्ठित बसतात, दुसऱ्या बाजूला खालच्या मानलेल्या जातींचे लोक. त्यांना तोच सिनेमा उलटा दिसतो. घाट पाहायला येणाऱ्या बहुतेकांना गाणी आठवतात, हा पडदा आठवत नाही. चित्रीकरण स्थळांच्या पर्यटनात हेच घडते. जागा लक्षात राहते, तिथला प्रश्न मागे पडतो.

चित्रपटवाले एखादे गाव का निवडतात, हे आधी समजून घेऊ. मुंबई-पुण्याहून गाड्या आणि सामान एका दिवसात पोहोचले पाहिजे. जुने वाडे, मंदिरे, नदीकाठ हे सगळे जवळजवळ असावे. कलाकारांच्या राहण्याची सोय हवी. वाईत हे सगळे मिळते. म्हणून बिहारची कथा सांगणारा 'गंगाजल' (२००३) सुद्धा तिथेच चित्रित झाला. म्हणजे पडद्यावरचे गाव खरे नसते. त्याचे नाव, भाषा, राज्य सगळे बदललेले असते. मग तिथे गेल्यावर आपण नेमके काय पाहतो? आठवणीतला सिनेमा पाहतो. समोरचे गाव पाहायचे असेल तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

'सैराट'चेही तेच झाले. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला आणि करमाळा तालुक्यातल्या विहिरी, झाडे, उजनीचे पाणी पाहायला लोक जाऊ लागले. आर्ची-परश्यासारखे फोटो निघाले. पण तो चित्रपट ज्या रक्ताच्या पावलांवर संपतो, त्या जातीच्या हिंसेबद्दल अशा सहलीत कितीदा बोलले जाते?

आपल्या खान्देशाजवळचे उदाहरण अजिंठ्याचे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. तो १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या आणि पारोच्या प्रेमकथेवर नितीन चंद्रकांत देसाई यांचा 'अजिंठा' २०१२ मध्ये आला. प्रेमकथेबद्दल तक्रार नाही. पण लेणी कोरणारे कारागीर, तिथे वर्षावासात राहणारे भिक्खू, दान देणारे उपासक आणि भिंतीवरच्या जातककथा बाजूला पडून तो डोंगर फक्त एका प्रेमकथेची पार्श्वभूमी ठरला, तर आपला वारसा आपल्याच डोळ्यांसमोर दुसऱ्या नावाने ओळखला जाईल.

मेणवलीहून परतताना आम्ही वाईजवळच्या लोहारे इथली बौद्ध लेणी पाहिली. तिथल्या स्तूपाची आज पालपेश्वर म्हणून शिवलिंगाच्या रूपात पूजा होते. घाटावर गर्दी होती, इथे आम्ही अकरा जणच. आम्ही कुणाशी वाद घातला नाही. स्तूप कसा ओळखायचा, चैत्य आणि विहार यांत फरक काय, एवढे मुलांना समजावले. पूजेला आलेल्या एका आजींनी आम्हाला पाणी दिले. अभ्यास आणि संयम, दोन्ही धम्माचाच भाग आहेत.

आता आपल्या साक्रीकडे या. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणि भामेरचा किल्ला इथे लग्नाआधीचे व्हिडिओ, रील्स, अहिराणी गाणी यांसाठी तरुण जातात. चित्र छान येते. पण याच पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्यावरून तालुक्यातल्या आदिवासी कष्टकऱ्यांनी आंदोलने केली, ही गोष्ट त्या चौकटीत येत नाही. भामेरच्या डोंगरातली कोरीव लेणी जैन आहेत. प्रत्येक लेणे आपलेच, असे म्हणून चालणार नाही. खरे तेच सांगायचे.

कायदाही माहीत हवा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही. चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्यामुळे लेण्यात खिळे ठोकलेले, रंग फासलेला किंवा दिव्यांची धग लागलेली दिसली, तर तारखेसह फोटो काढून खात्याकडे लेखी तक्रार द्या. फेसबुकवर राग काढून काम होत नाही.

गाव पाहायला जाल तेव्हा चार गोष्टी करा. चित्रपट आधी पुन्हा पाहा, त्यात जात, जमीन, पाणी कुठे येते ते टिपून ठेवा. गावात घाटाबरोबर वस्तीतही जा, पण आधी विचारून जा. कुणाच्या दारिद्र्याचा फोटो काढू नका. शूटिंगच्या वेळी काम कोणाला मिळाले, मजुरी किती मिळाली, हे विचारा. चहा, जेवण, वाटाड्या यांचे पैसे शक्यतो त्या वस्तीतल्या माणसाच्या हाती जाऊ द्या.

आणि सुरुवात घरापासून करा. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी तिथे मुक्कामी होते. दरवर्षी त्या दिवशी हजारो अनुयायी तिथे जमतात. आपल्या गटातल्या अकरापैकी चौघेच तिथे आधी गेले होते. मेणवलीला सातशे रुपये वर्गणी काढून जाणाऱ्या पोरांना लळिंगला एसटीने जाणे काही जड नाही.

परतीच्या गाडीत त्याच मुलाने ठरवले आहे, पुढची सहल लळिंगची आणि माहिती तो स्वतः सांगणार. आम्ही सगळे ऐकायला बसणार आहोत, पडद्याच्या एकाच बाजूला.