करांद्याची वेल : फ्लोरिडातले गैरसमज

कोकणात पावसाळा सरला की करांदे उकडायचे, साल काढायची आणि मिठाबरोबर खायचे. हीच वेल, डायोस्कोरिया बल्बिफेरा, १९०५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्लोरिडातल्या हेन्री नेहरलिंग या बागायततज्ज्ञाकडे पाठवली. आज ती तिथे दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि झाडांच्या शेंड्यावर पसरून त्यांचा उजेड अडवते.

गैरसमज : बदामी पान दिसलं की वेल तीच.
घोटवेलीच्या कुळातल्या तिथल्या स्थानिक वेलींची पानंही साधारण तशीच असतात. पण त्यांना बहुधा काटे असतात आणि त्या तंतूंनी धरून चढतात. करांद्याला काटे नाहीत की तंतू नाहीत. खोडच आधाराला वेढे घालतं. कोनफळही फ्लोरिडात असंच मोकाट सुटलंय. त्याचं खोड चौकोनी आणि पानं समोरासमोर. करांद्याचं खोड गोल, पानं एकाआड एक. अशा गोल खोडावर, पानाच्या बगलेत बटाट्यासारखे कंदही लोंबत असतील, तर मग शंकाच नको.

गैरसमज : बुंध्याशी तोडली की काम झालं.
खरी मेख इथे आहे. फ्लोरिडात ही वेल क्वचितच फुलते. तिचा प्रसार होतो तो या लोंबत्या कंदांतूनच. वाटाण्याएवढा कंदही रुजतो, आणि कोंब फुटायला त्याला मातीसुद्धा लागत नाही. म्हणून वेल ओढून काढताना कंद विखुरले तर पुढच्या वर्षाची लागवड आपणच केली म्हणायची. तणनाशक वेलीला मारतं, जमिनीवर पडलेल्या कंदांना नाही. ते हातानेच वेचावे लागतात. कंपोस्टच्या खड्ड्यात तर मुळीच टाकू नयेत. फ्रीजरमध्ये गोठवून मग बंद पिशवीतून कचऱ्यात द्यावेत. जमिनीतला कंदही खणून काढायला हवा.

गैरसमज : हिवाळ्यात वाळली म्हणजे मेली.
फक्त वरची वेल वाळते. उलट वेचणीला हाच काळ उत्तम, कारण पानं झडल्यावर कंद नजरेस पडतात. गेन्सव्हिल शहरात स्वयंसेवक थंडीतच ते गोळा करत आले आहेत.

गैरसमज : परदेशी किडा सोडणं म्हणजे दुसरी आफत.
भीती रास्त आहे, पण लिलिओसेरिस चेनी हा आशियातला लाल भुंगेरा आधी इतर अनेक वनस्पतींवर तपासला गेला आणि मगच सोडला. त्याच्या अळ्या याच वेलीवर वाढतात. पानांची चाळण झाली की कंद कमी आणि लहान लागतात. वेल मात्र समूळ जात नाही, त्यामुळे वेचणी चुकत नाही.

गैरसमज : खाऊन संपवता येईल.
कोकणातही कडू करांदा वेगळा असतो. रानटी वाणांत यकृताला घातक द्रव्यं असू शकतात. तिथला अनोळखी कंद चाखू नका.

आणि फ्लोरिडातल्या मराठी घरांसाठी : १९९९ पासून ही वेल तिथल्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. परवान्याविना ती लावणं, बाळगणं किंवा दुसरीकडे नेणं बेकायदा आहे. तेव्हा परसात लावायला गावचे करांदे नेऊ नका.