जुनी दमदार गाडी : घ्यावी की नको?

सेकंडहँड गाडी घेण्यात पूर्वी जो कमीपणा वाटायचा, तो आता राहिलेला नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली की वर्षा-दोन वर्षांत गाडीचा विषय निघतोच. नव्या साध्या गाडीच्या पैशांत जुनी, पण दमदार गाडी मिळते हे कळले की तरुण मन तिकडे झुकते. आकाराने छोटी, मागचे दार वर उघडणारी हॅचबॅक, पण इंजिन टर्बोचे आणि पिकअप जोरदार. अशी गाडी घ्यावी की नको, याचा आज विचार करू.

उदाहरण आपल्या चाकणचेच घेऊ. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो इंजिन, शक्ती १०५ अश्वशक्ती. त्या वेळच्या साध्या पेट्रोल पोलोची होती ७५. सोबत सात गियरचा, डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. पुढे २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले, तेव्हा या गाडीला एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले आणि डीएसजी जाऊन सहा गियरचा नेहमीच्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स आला. २०२२ मध्ये पोलोचे इथले उत्पादन थांबले. म्हणजे आज ही गाडी घ्यायची तर ती जुनीच मिळणार, आणि एकाच नावाखाली खरे तर दोन वेगळ्या गाड्या आहेत. आपण कोणती बघतो आहोत, हे आधी ठरवून घ्यावे.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बारा लाखांची गाडी चार लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो आणि गियरबॉक्स बारा लाखांच्या गाडीचेच असतात आणि दुरुस्तीचे बिलही त्याच हिशेबाने येते. साध्या हॅचबॅकमध्ये हे भाग मुळातच नसतात, म्हणून तिचा बिघाड कोपऱ्यावरचा मेकॅनिक निभावून नेतो.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरणारे एक छोटे चक्र. ते जास्तीची हवा दाबून इंजिनात भरते, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. हे चक्र मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेते आणि त्याला वंगण मिळते ते इंजिन ऑइलचे. ऑइल वेळेवर बदलले नाही किंवा हलक्या दर्जाचे घातले, तर पहिला मार टर्बोवर बसतो. म्हणून अशा गाडीचे सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे तिची जन्मपत्रिकाच समजा. मधली दोन वर्षे रिकामी दिसली, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी पुढे जाऊ नये.

आता गियरबॉक्स. डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गियर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गियर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून बदल झटकन होतो. मात्र जीटीमधले हे क्लच कोरडे आहेत, ते ऑइलमध्ये बुडालेले नसतात. हिंजवडी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत गाडी इंचाइंचाने सरकते, तेव्हा हे क्लच अर्धवट धरून घासत राहतात, तापतात आणि झिजतात. त्यामुळे नुसता किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. चाळीस हजार किलोमीटर कोंडीत काढलेल्या गाडीपेक्षा सत्तर हजार किलोमीटर हायवेवर चाललेली गाडी पुष्कळदा बरी असते. गाडी कुठल्या रस्त्यावर चालत होती, हे मालकाला आवर्जून विचारा.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे सांगून ठेवा. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. चढावर आणि संथ गतीत गाडी चालवून पाहा. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये थरथर किंवा झटका जाणवला तर क्लचचा खर्च जवळ आला आहे. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने हात आखडता घेतला असे समजा. शेवटी, या गाड्या जाणणाऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तपासणी करून घ्या. त्यासाठी जाणारे दोन-तीन हजार रुपये वाया जात नाहीत.

अशा गाडीच्या इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची हौस अनेकांना असते. त्याने इंजिन आणि गियरबॉक्स दोन्हींवर ताण येतो. शिवाय असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर भरपाई अडू शकते. ‘जरा ट्यून केलीय’ हे वाक्य ऐकले की नमस्कार करून निघावे.

कागदपत्रांत विम्याची पॉलिसी नीट वाचा. क्लेम केला नाही तर मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होते आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. सात वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला २० टक्केच सवलत दिसली, तर मध्ये काय झाले ते विचारा. ही सवलत मालकाची असते, ती गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का आणि ई-चलन थकले आहे का, हे पाहा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा, असे मोटार वाहन कायदा सांगतो. विमा नावावर करण्यासाठीही १४ दिवसांतच अर्ज करावा लागतो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला पूर्ण पैसे देऊ नका.

इंधनाचेही पाहावे लागते. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांचा हिशेब धरून बनल्या होत्या. अ‍ॅव्हरेज थोडे घटणार हे धरून चाला आणि इंधनाच्या रबरी नळ्या प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्या.

मग घ्यावी की नको? माझे उत्तर हिशेबाचे आहे. पाच लाख खर्चायची तयारी असेल तर गाडी चार लाखांचीच बघा आणि एक लाख पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. हे लाख रुपये वेगळे काढणे जमत नसेल, किंवा घरात ही एकच गाडी असून रोज सकाळी तिच्यावरच कामावर जायचे असेल, तर साधी गाडी घ्या. जमत असेल तर २०२० नंतरची गाडी आधी शोधा. तिच्या जातीचे एक लिटरचे इंजिन टायगुन आणि व्हर्टसमध्येही असल्याने कारागीर आणि सुटे भाग मिळणे सोपे जाते. याउलट रांजणगावला बनलेली, २०१५ मध्ये आलेली फियाटची अबार्थ पुंटो ताकदीने सरस. पण फियाटने २०१९ मध्ये इथली आपल्या नावाच्या गाड्यांची विक्री थांबवली, आणि एखाद्या सुट्या भागासाठी ती गाडी महिनाभर दारात उभी राहू शकते.

हौस करू नये असे मी म्हणत नाही. पण गाडी चालवून बघताना मन आधीच ‘हो’ म्हणून मोकळे झालेले असते. म्हणून वरचा हिशेब घरी बसून, कागदावर मांडून, घरच्यांना दाखवून मग किल्ली हातात घ्या.