घरच्या तव्यावरचा चिकन बर्गर

पगार झाला की मुलांचा पहिला हट्ट असतो बर्गरचा. चौघांचे दुकानातले बिल भरताना खिसा हलका होतो. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल, डॉक्टरांनी मीठ-तेल कमी करायला सांगितले असेल, तर त्यांनी नुसते बघत बसायचे. पण सगळ्यांना एका पंगतीत खाता येईल असा बर्गर आपण घरच्या तव्यावर करू शकतो.

अमेरिकेत बर्गर मुख्यतः गोमांसाचा. चरबी कमी हवी म्हणून तिथे पुष्कळ घरांत टर्की या कोंबडीहून मोठ्या पक्ष्याचा खिमा वापरतात. आपल्याकडे टर्की सहज मिळत नाही, पण चिकन कोपऱ्यावर मिळते. दोन्हींची खोड मात्र एकच. चरबी कमी, म्हणून टिक्की कोरडी आणि चिवट होते. मग चवीसाठी आपण तेल आणि सॉस वाढवतो आणि केलेले सगळे वाया जाते. म्हणून टिक्कीत ओलावा टिकवायला हवा.

साहित्य (6 टिक्क्या): कातडी काढलेल्या बोनलेस चिकनचा खिमा अर्धा किलो, एक मोठा कांदा, अर्धी वाटी पोहे, आले-लसूण वाटण 1 मोठा चमचा, हिरव्या मिरच्या 2-3, मूठभर कोथिंबीर, गरम मसाला 1 लहान चमचा, अर्धे लिंबू, मीठ अर्धा लहान चमचा, तेल 3 लहान चमचे.

खिमा आपल्यासमोर करून घ्यावा. निम्मे मांस छातीचे आणि निम्मे मांडीचे घ्यावे. छातीचे मांस कोरडे पडते, मांडीचे रसाळ राहते.

कृती: कांदा बारीक चिरून एक चमचा तेलात गुलाबी परतावा आणि गार करावा. कच्च्या कांद्याला पाणी सुटून टिक्की फुटते. पोहे भिजवून, निथळून कुस्करावेत. खिम्यातला रस तेच धरून ठेवतात. सगळे जिन्नस हलक्या हाताने एकत्र करावेत. कणकेसारखे मळल्यास टिक्की घट्ट होते. पाण्याच्या हाताने बोटभर जाडीच्या टिक्क्या थापून मधोमध अंगठ्याने किंचित दाबावे, म्हणजे भाजताना त्या फुगत नाहीत. फ्रिज असेल तर अर्धा तास आत ठेवाव्यात, नसेल तर लगेच भाजाव्यात.

उरलेले तेल तव्यावर पसरून मध्यम आचेवर, झाकण ठेवून प्रत्येक बाजू 5-6 मिनिटे भाजावी. उलथन्याने दाबू नये, सगळा रस निघून जातो. एक टिक्की मोडून पाहावी. आत गुलाबी छटा दिसली तर आणखी भाजावे. खिमा कच्चा राहिला तर पोट बिघडते.

मेयोनीजऐवजी दही फडक्यात तासभर टांगून, त्यात पुदिना, लसूण आणि मिरची वाटून घालावी. पाव कोरड्या तव्यावर शेकून त्यावर हा चक्का, टिक्की, काकडी, टोमॅटो आणि लिंबू लावलेला कांदा ठेवावा.

स्वच्छता: कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. नीट शिजवल्याने ते मरतात. मात्र चिकनला लागलेले हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत, आणि सॅलड त्याआधीच चिरून बाजूला ठेवावे.

एका मोठ्या चमचाभर तेलातून सुमारे 120 कॅलरी मिळतात. इथे तेवढ्याच तेलात सहा जणांचे भागते. तरी पावात मैदा आणि मीठ असतेच, म्हणून हा रोजचा पदार्थ नव्हे. रक्तदाब असलेल्यांनी पाव सोडून टिक्की भाकरीबरोबर खावी. पोरांना कांदा चिरायला आणि टिक्क्या थापायला बसवा. स्वतःच्या हातची टिक्की असली की दुकानाची आठवण निघत नाही, आणि पंगतीत कुणाचे ताट वेगळे राहत नाही.