मेरिदा येथील रोमन नाट्यगृह व पुरातत्त्वीय संग्रहालय : एक परिचय

प्रस्तावना

स्पेनच्या नैर्ऋत्य भागात ग्वादियाना नदीच्या काठी वसलेले मेरिदा हे शहर रोमन अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. सम्राट ऑगस्टसने इ. स. पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी ही वसाहत स्थापन केली. तिचे मूळ नाव ‘एमेरिता ऑगस्टा’ असे होते. पुढे ती लुसितानिया प्रांताची राजधानी बनली. येथील पुरातत्त्वीय वास्तुसमूहाचा समावेश १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. येथील नाट्यगृह आणि त्याच्या जवळच असलेले राष्ट्रीय रोमन कला संग्रहालय ही दोन स्थळे सामान्यतः स्वतंत्रपणे पाहिली जातात. वस्तुतः ती एकाच पुराव्याचे दोन भाग आहेत. हा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाट्यगृहाची रचना

नाट्यगृहाच्या बाजूच्या प्रवेशमार्गांवरील शिलालेखांत ऑगस्टसचा जामात मार्कस अग्रिप्पा याचे नाव कोरलेले आहे. त्यावरून या वास्तूचा काळ इ. स. पू. १६-१५ असा निश्चित होतो. अर्धवर्तुळाकार आसनपंक्तींचा काही भाग टेकडीच्या उतारावर टेकवलेला असून, सुमारे ६,००० प्रेक्षकांची येथे सोय होती. आसनांचे खालचा, मधला व वरचा असे तीन विभाग होते. ही विभागणी केवळ सोयीची नव्हती. प्रेक्षकांनी सामाजिक दर्जानुसार बसावे असा नियम ऑगस्टसने घालून दिला होता. प्रतिष्ठितांना रंगमंचाजवळची जागा मिळे, तर स्त्रियांना वरच्या पंक्तींत बसावे लागे. अशा रीतीने नाट्यगृहात शिरताच नागरिकाला समाजातील आपले स्थान दिसत असे.

रंगमंचामागे कॉरिंथियन शैलीच्या स्तंभांची दुमजली भिंत आहे. तिच्यात नटांच्या प्रवेशासाठी तीन दारे असून स्तंभांच्या मधल्या जागेत देवदेवतांच्या व राजपुरुषांच्या मूर्ती बसविलेल्या असत. आजच्या रूपातील ही स्तंभरचना मूळ बांधणीनंतरच्या काळातील असल्याचे मानले जाते.

विस्मरण आणि उत्खनन

रोमन सत्तेच्या उतरत्या काळात नाट्यगृहाचा वापर थांबला व ते हळूहळू मातीखाली गेले. वरच्या आसनविभागातील मार्गांवरील कमानी कोसळल्यामुळे काँक्रीटचे केवळ सात भाग जमिनीवर उघडे राहिले. लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणू लागले आणि मूर राजे तेथे बसून विचारविनिमय करीत, अशी आख्यायिका रूढ झाली. वास्तूचा मूळ उपयोग विसरला गेल्यावर लोकमानसाने तिला नवा अर्थ दिला, असे येथे दिसून येते. होसे रामोन मेलिदा यांच्या मार्गदर्शनाखाली १९१० मध्ये उत्खननास प्रारंभ झाला आणि आख्यायिकेखालचे नाट्यगृह प्रकाशात आले.

१९३३ मध्ये येथे सेनेकाचे ‘मेदेआ’ हे नाटक उनामुनो यांच्या भाषांतरातून सादर झाले. प्रमुख भूमिका मार्गारिता शिर्गू या अभिनेत्रीने केली. या प्रयोगातून सुरू झालेल्या परंपरेत आज दर उन्हाळ्यात अभिजात नाटकांचा महोत्सव भरतो.

संग्रहालयाचे कार्य

रंगमंचामागील भिंतीत आज दिसणाऱ्या सेरेस, प्लूटो व प्रोसर्पिना यांच्या मूर्ती प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती संग्रहालयात आहेत. तसेच, कोसळलेले स्तंभ पुन्हा उभारून भिंतीला सध्याचे रूप देण्याचे काम बहुतांशी विसाव्या शतकात, होसे मेनेंदेस-पिदाल या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झाले. म्हणजे प्रेक्षकाला जे ‘प्राचीन’ दिसते, त्यात आधुनिक काळाचाही मोठा वाटा आहे. ही बाब लक्षात न घेता केलेले निरीक्षण दिशाभूल करणारे ठरते.

संग्रहालयाची सध्याची इमारत राफाएल मोनेओ यांच्या आराखड्यानुसार उभारली गेली व १९८६ मध्ये खुली झाली. विटांच्या उंच कमानींची तिची रचना रोमन बांधकामाचे स्मरण करून देते. मात्र ती कोणत्याही प्राचीन वास्तूची नक्कल नाही. तळघरात त्याच जागी सापडलेले घरांचे व थडग्यांचे अवशेष जतन केलेले आहेत. नाट्यगृहाच्या परिसरात मिळालेले, मस्तकावर वस्त्र घेतलेल्या ऑगस्टसचे शिल्प येथे विशेष पाहण्यासारखे आहे. या रूपात सम्राट धर्माचार्य म्हणून दर्शविला आहे. करमणुकीच्या स्थळी सम्राटपूजेचेही स्थान होते, हे नुसत्या आसनपंक्ती पाहून उमगत नाही.

समारोप

मूर्ती उघड्यावर ठेवल्यास ऊनपावसाने झिजतात. संग्रहालयात नेल्यास त्यांचा मूळ संदर्भ तुटतो. जतन व संदर्भ यांतील हा पेच प्रत्येक पुरातत्त्वीय स्थळापुढे उभा असतो. मेरिदा येथे मूळ वस्तू, प्रतिकृती व स्थळ एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने हा पेच पुष्कळसा सौम्य होतो. त्यामुळे अभ्यासकाने प्रथम नाट्यगृह, नंतर संग्रहालय आणि शेवटी पुन्हा नाट्यगृह असा क्रम ठेवणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्या भेटीत रिकाम्या कोनाड्यालाही अर्थ प्राप्त होतो. मूळ काय, पुनर्रचित काय व हलविलेले काय, हा भेद विद्यार्थ्यांना ओळखता येणे हेच अशा अभ्यासभेटीचे खरे फलित होय.