बैल, घर आणि कल्याणची खाडी

कल्याण सोडलं की रूळ दोन वाटांना फुटतात. एक वाट कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिकला जाते. दुसरी आमच्या विठ्ठलवाडीवरून, उल्हासनगर-अंबरनाथ मागे टाकत, कर्जतला पोहोचते आणि बोरघाटाने पुण्याकडे वळते. तिसरी वाट रुळांची नाही. ती मुरबाडवरून नाणेघाट चढते आणि जुन्नरला उतरते. रेल्वे आली दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी. घाटांच्या या वाटा दोन हजार वर्षांपूर्वीही चालत्या होत्या. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आजही तिथे आहे.

या तिन्ही घाटांच्या माथ्यावर एक सारखीच गोष्ट दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने लेणं खोदवल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिले आणि त्या खांबांवर आपली नावं कोरून घेतली. जुन्नरच्या लेण्यांतही दान देणारे यवन आहेत. 'यवन' हा शब्द 'आयोनिया'वरून आला. आयोनिया म्हणजे आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ग्रीक मुलूख, होमर जिथला असं ग्रीक परंपरा मानते तोच.

कॉलेजात पाश्चात्त्य साहित्याची मुळं शिकवताना तीन नावं सांगितली जातात : अथेन्स, रोम आणि बायबल. ती खोटी नाहीत. पण मुळं तिथेच थांबत नाहीत, आणि त्यांतली काही आपल्या पायांखालून गेली आहेत. या लेखात मला ती दाखवायची आहेत.

खाडीतलं ग्रीक गलबत

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक वहीच लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव काळाच्या ओघात गेलं, वही राहिली. भडोचनंतरची बंदरं सांगताना तो 'सुप्पारा' लिहितो, म्हणजे सोपारा. आणि त्यापाठोपाठ 'कल्लिएना', म्हणजे आपलं कल्याण. एका आधीच्या राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, असं तो सांगतो. पुढे सत्ता बदलली, अडथळे सुरू झाले आणि इथे आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पैठण आणि तेर ही घाटावरची शहरंही त्याला ठाऊक होती. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि काच लिहिली आहे.

कल्याणच्या बाजूनेही साक्ष आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत. बंदर भरभराटीला आलं की कारागिराच्याही हाती दानापुरता पैसा उरतो.

या व्यापारातून देवही आले. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियसला वर्षानुवर्षं घरी पोहोचू न देणारा तोच. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे तो पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. उलट दिशेने गेलेल्या वस्तूही आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या जवळच्या बहिणी म्हणाव्यात अशा मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत.

जिथे दारूचे बुधले आणि हस्तिदंत पोहोचतात, तिथे गोष्टीही पोहोचतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला डिओ ख्रिसोस्टम हा ग्रीक वक्ता सांगतो की, भारतातले लोक होमरचं काव्य आपल्या भाषेत उतरवून गातात. त्यांना प्रायाम राजाचं दुःख ठाऊक आहे, हेक्टर आणि अकिलीस यांचा पराक्रम ठाऊक आहे. अनेक अभ्यासकांच्या मते त्याच्या कानावर पडली ती महाभारताची वार्ता. पुत्रशोकाने खचलेला म्हातारा राजा आणि एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन महावीर, एवढं ऐकल्यावर ग्रीक माणसाला होमरच आठवला. परक्याच्या काव्यात त्याला आपलं काव्य ओळखू आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आल्फा म्हणजे बैल

पाश्चात्त्य साहित्याची लिखित सुरुवात होमरपासून धरतात. 'इलियड' सुमारे १५ हजार ७०० ओळींचं आणि 'ओडिसी' सुमारे १२ हजार १०० ओळींचं. पण ही काव्यं ज्या अक्षरांत लिहिली गेली ती ग्रीकांची स्वतःची नव्हेत. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन दर्यावर्दी व्यापाऱ्यांकडून त्यांनी ती साधारण इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास घेतली. फिनिशियन भाषेत 'आलेफ' म्हणजे बैल आणि 'बेथ' म्हणजे घर. त्यांचेच ग्रीकमध्ये 'आल्फा' आणि 'बीटा' झाले. ग्रीकांनी त्यात स्वरांची चिन्हं घातली आणि त्यामुळे काव्याची लय कागदावर उतरू शकली. दोन पहिल्या अक्षरांत गोठा आणि घर असावं, हे शेतकऱ्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला चटकन कळतं.

लिपी येण्याआधी ही काव्यं गळ्यात होती. १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात गेला आणि गावोगावच्या गायकांची गाणी त्याने ध्वनिमुद्रित केली. त्यांतला आव्दो मेजेदोविच हा गायक निरक्षर होता. १९३५ साली त्याने एक लग्नाची कथा सांगितली, तिच्या ओळी भरल्या १२ हजारांवर. हे गायक पाठ केलेलं म्हणत नव्हते. ठरलेली विशेषणं, ठरलेले शब्दसमूह, ठरलेले प्रसंग यांच्या आधाराने ते दर वेळी काव्य नव्याने रचत होते. होमरमध्ये अकिलीस वारंवार 'चपळ पायांचा' असतो आणि पहाट 'गुलाबी बोटांची' असते, त्याचं कारण हेच. आपल्या कीर्तनात विठ्ठल 'पंढरीराया' होतो, पोवाड्यात झीलकरी सूर धरतात तेवढ्यात शाहीर पुढची ओळ जुळवतो, तेव्हा तेच तंत्र चाललेलं असतं.

ठाण्या-रायगडच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण असते. हळदीपासून लग्न लागेपर्यंतच्या विधींना ती धवले गाते. तिच्या हातात वही नसते. कुठला विधी चालू आहे, मांडवात कोण बसलं आहे, नवरी कोणाच्या घरची आहे, हे पाहत ती गाणं लांबवते, आखडते, नावं गुंफते. लहानपणी मी अशी गाणी ऐकली तेव्हा त्यांत मला फक्त लग्नाची गडबड दिसली. होमरबद्दल वाचल्यावर कळलं की, महाकाव्य जन्मतं कसं ते मी मांडवात बसून पाहिलं होतं. धवळ्यांची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मानतो.

मातीच्या पाट्या

होमरच्याही मागे जायचं तर इराकमध्ये जावं लागतं. निनवे इथल्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. १८७२ साली जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाला त्यांतल्या एका पाटीवर महापुराची कथा वाचता आली : देवाने दिलेली सूचना, बांधलेली नाव, पाणी ओसरलं का ते पाहायला सोडलेले पक्षी. बायबलमधल्या नोआची कथा त्याहून जुन्या रूपात समोर आली. आपल्या शतपथ ब्राह्मणातही मनूला मासा महापुराची आधी कल्पना देतो आणि त्याची नाव ओढून नेतो.

स्मिथने वाचलेली पाटी 'गिलगामेश' या महाकाव्याची होती. उरुकचा राजा गिलगामेश आणि त्याचा जिवलग एंकिडू यांची ही कथा. मित्र मरतो, राजा वेडापिसा होतो आणि मृत्यूवर उपाय शोधायला निघतो. 'इलियड'मध्ये मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यावर अकिलीसचं असंच होतं. दोन्हीकडे मेलेल्या मित्राचा आत्मा भेटायला येतो. ब्रिटिश पंडित एम. एल. वेस्ट यांनी १९९७ साली एका जाडजूड ग्रंथात ग्रीक काव्य आणि पश्चिम आशियातलं वाङ्मय यांच्यातली अशी नाती ओळीओळींनी मांडली. ज्याला आपण पश्चिमेचं मूळ म्हणतो त्याची तंतुमुळं पूर्वेच्या मातीत आहेत.

दक्षिणेतून निघालेली गोष्ट

आता आपल्या दिशेने या. पंचतंत्राची कथा सुरू होते ती दाक्षिणात्य जनपदातल्या महिलारोप्य नगरात. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने त्याचं पहलवी भाषेत रूपांतर केलं. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. करटक आणि दमनक या कोल्ह्यांची नावं घेऊन ग्रंथाचं नाव झालं 'कलीला व दिम्ना'. अरबीतून हिब्रू, हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने केलेलं लॅटिन, मग जर्मन, इटालियन. आणि १५७० मध्ये टॉमस नॉर्थने केलेलं इंग्रजी. १६७८ साली फ्रेंच कवी ला फाँतेनने आपल्या दंतकथांचा दुसरा संग्रह काढला तेव्हा पिल्पे या भारतीय ऋषीचं ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केलं. त्याच संग्रहात डोक्यावर दुधाचं भांडं घेऊन स्वप्नं रचत चाललेली पेरेत आहे. सातूच्या पिठाचं मडकं टांगून त्याखाली मनोराज्य करणारा पंचतंत्रातला ब्राह्मण तिचा पूर्वज.

याहूनही विलक्षण प्रवास बुद्धचरित्राचा झाला. 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबीत 'बुदासफ' झाला, जॉर्जियन आणि ग्रीकमधून जात जात लॅटिनमध्ये 'जोसाफात'. राजवाडा सोडणाऱ्या राजपुत्राची कथा ख्रिस्ती संताची कथा बनली. संत म्हणून त्याचं स्मरण होऊ लागलं, २७ नोव्हेंबर ही तारीखही त्याला मिळाली. त्या कथेत उपदेशासाठी सांगितलेली पेट्यांची गोष्ट आहे : वरून सोन्याने मढवलेल्या पेटीत हाडं, आणि वरून साध्या पेटीत रत्नं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शियाच्या तीन पेट्यांमागे हाच धागा आहे. कल्याणपासून लोकलने आणि रिक्षाने गाठता येईल अशा सोपाऱ्याला बौद्ध स्तूप आहे, तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडाही मिळाला. पोर्शियाच्या पेट्यांचा विचार करताना मला आता तो स्तूप आठवतो.

परतीची फेरी

गोष्टी गेल्या तशा परत आल्या. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १९ व्या शतकाच्या पहिल्याच दशकात सखण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या कथा 'बाळबोध मुक्तावली' या नावाने छापल्या गेल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती मुंबईत निघाली. म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतच एक ग्रीक गोष्टीवेल्हाळ आपल्या घरी येऊन बसला आणि इतका घरचा झाला की, सिंहाचं कातडं पांघरलेलं गाढव मूळचं कुठलं हे कोणी विचारत नाही. ते गाढव पाली जातकांतही आहेच.

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या आरंभी त्यांनी होमरचं वचन ठेवलं. माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचं अर्धं सत्त्व हिरावून घेतलं जातं, असा त्याचा आशय. 'ओडिसी'त हे उद्गार यूमेयस नावाच्या डुकरं राखणाऱ्या दासाच्या तोंडी आहेत. शूद्रातिशूद्रांचं दुःख मांडताना जोतीरावांना अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो दास साक्षीदार म्हणून भेटला. होमर इथे शोभेसाठी आलेला नाही, तो कामाला आलेला आहे. मराठीत ग्रीक वाङ्मयाचा याहून थोर उपयोग मला माहीत नाही.

पुढे १९५७ मध्ये विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं. १९७९ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजच्या शोकांतिकेचं 'राजा ओयदिपौस' केलं. सोफोक्लीजने १२० वर नाटकं लिहिली, त्यांतली पूर्ण उरली ती सात. बाकीची उतरून घेणारे हात मिळाले नाहीत म्हणून गेली.

ही शेवटची गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. होमर टिकला, कारण ग्रीकांच्या गावात व्यापाऱ्यांबरोबर लिपी आली आणि कोणीतरी गायकाजवळ बसून लिहून घेतलं. पॅरी युगोस्लाव्हियात पोहोचला म्हणून आव्दोच्या १२ हजार ओळी राहिल्या. आपल्याकडे लिपी दोन हजारांहून जास्त वर्षं आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे. खिशातल्या फोनवर तासन् तास आवाज साठवता येतो. आता लग्नात धवलारणीच्या जागी डीजे येतो, आणि ज्या म्हाताऱ्यांना रात्रभर पुरतील एवढी गाणी येतात त्या एकेक करून जात आहेत.

तुळशीचं लग्न झालं की मांडव पडू लागतील. तुमच्या गावात, तुमच्या नात्यात धवले गाणारी आजी असेल तर या मोसमात तिच्याजवळ जाऊन बसा. 'आजी, सुरुवातीपासून म्हणा' असं म्हणा, आणि ती थांबेपर्यंत उठू नका.